नारळपाणी प्यायलेलं इंजिन

इंजिनावर नारळाचं पाणी ओतू नये, असं गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तकात कुठेही लिहिलेलं नाही. मी नंतर पान न् पान बघितलं. चालत्या गाडीतून डोकं बाहेर काढू नये असं लिहिलंय. कूलंट पिऊ नये असंसुद्धा लिहिलंय. म्हणजे कूलंट पिणारा माणूस कंपनीच्या डोळ्यांसमोर आला, माझ्यासारखा मात्र आला नाही.

होळीच्या संध्याकाळी आमच्या परळच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये मी गाडीची पूजा केली. दुसऱ्या दिवशी सकाळीच बाबांना घेऊन गावी निघायचं होतं. दरवेळी मी पुढच्या चाकाशी नारळ फोडतो, चार थेंब बंपरवर शिंपडतो आणि हात झटकतो. या खेपेला प्रवास लांबचा, बाबा सोबत, म्हणून म्हटलं पूजाही जरा आतपर्यंत पोचू दे. बॉनेट उघडलं. इंजिनावर काळं प्लॅस्टिकचं झाकण असतं, तेही काढून बाजूला ठेवलं. मग नारळ फोडला आणि होतं नव्हतं ते सगळं पाणी अभिषेकासारखी धार धरून इंजिनावर सोडलं.

बायको हळदीकुंकवाचं ताट घेऊन शेजारी उभी होती. म्हणाली, "इंजिनावर कशाला?"

"अगं, खरं काम तेच करतं ना! बंपर काय करतो? नुसता पुढे असतो."

ती पुढे काही बोलली नाही. ती बोलली नाही की मी ती संमती धरतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा गैरसमज काही गेलेला नाही.

आता गावी जाण्याची एवढी निकड का, ते सांगतो. शिमग्याला आमच्याकडे, राजापूरच्या अंगाला, ग्रामदेवीची पालखी घरोघर येते. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या क्रमाने. ज्याचं दार उघडं असेल त्याच्या अंगणात उतरते. घरातली बाई ओटी भरते, गावकार घराच्या वतीने गाऱ्हाणं घालतो, म्हणजे त्या घराला देवीकडे काय मागायचं ते मोठ्याने मागतो. ज्याचं दार बंद, त्याच्या अंगणात पालखी शिरत नाही. वाटेवरून तशीच पुढे जाते. रागाने नाही. घरात कुणी नाही, एवढंच त्याचं कारण.

बाबांचं खुब्याचं हाड मोडल्यापासून आमचं दार बंद होतं. आधी ऑपरेशन, मग ते नीट जुळलं नाही म्हणून पुन्हा ऑपरेशन, मग काठी धरून हॉल ते गॅलरी. मागच्या शिमग्याला गावातल्या कुणीतरी पालखीचा व्हिडिओ पाठवला. त्यात आमचं घर अगदी कडेला दिसतं. दाराला कुलूप, ओट्यावर पालापाचोळा, आणि समोरून ढोल वाजत वाजत पुढे निघून जातात. बाबा तो व्हिडिओ मोबाईलवर पुन्हा पुन्हा लावायचे. आवाज बंद करून. आम्ही कुणी खोलीत गेलो की मोबाईल उशीखाली.

यंदा डॉक्टर म्हणाले, गाडीने जायला हरकत नाही. पुढच्या सीटवर बसवा, मधे मधे थांबा, उतरवून पाय मोकळे करा. रेल्वेच्या पायऱ्या नकोत, एसटी तर नकोच. बाबांनी विचारलं, "पुढच्या वर्साक चालत जाईन ना?" डॉक्टर हसले आणि उत्तर द्यायच्या ऐवजी माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी घरी कुणाला सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. बायको शेजारच्याच खुर्चीवर होती.

तर धुळवडीची सकाळ. दुसऱ्या दिवशी सकाळी पालखी आमच्या वाडीत येणार. बाबा कडक इस्त्रीचा पांढरा लेंगा-शर्ट आणि टोपी घालून, ओटीच्या सामानाची पिशवी मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसले. मी चावी फिरवली.

गाडी सुरू झाली, पण हिवताप भरलेल्या माणसासारखी. सगळी हुडहुडत होती. काचेसमोरची देवीची मूर्ती मान हलवायला लागली, बाबांची टोपी हलायला लागली, आणि समोर एक पिवळा दिवा उघडझाप करायला लागला. मेकॅनिक लोक याला 'मिसिंग' म्हणतात. चार सिलिंडरांपैकी एकात पेट्रोल पेटतच नाही, आणि बाकीचे तिघे त्याला ओढत नेतात. ऑफिसात हा प्रकार माझ्या चांगल्या ओळखीचा. तिथे तो चौथा मी असतो.

"थंडीन तसा करता आसात," बाबा म्हणाले. मार्च महिना होता.

मी तशीच दामटली. पार्किंगमधून रस्त्यावर यायला चढ आहे. गाडी अर्ध्यावर गेली, गचकली, बंद पडली आणि हळूहळू मागे येऊन आपल्या जागेवर उभी राहिली. मी ब्रेक दाबला होता म्हणून. नाहीतर मागच्या भिंतीचीही पूजा झाली असती.

मी रे रोडच्या आमच्या मेकॅनिकला फोन लावला. त्याने उचलला तेव्हा मागे ढोल.

"बोला साहेब!"

"गाडी मिसिंग मारतेय. येतोस का जरा?"

"मी गावी आहे साहेब! पालखी नाचवतोय!"

"काय करू मग?"

"काय?"

"काय करू?"

"नाचा साहेब!" म्हणाला, आणि फोन कट. त्याला काय ऐकू आलं असेल ते देवी जाणे.

मग भाड्याच्या गाड्या. लालबागपासून दादरपर्यंत ज्यांचे ज्यांचे नंबर होते, त्या सगळ्यांना बायकोने फोन केले. गिरणगावात भाड्याने गाडी चालवणारे निम्मे लोक कोकणातले, आणि ते सगळे आपापल्या पालख्यांखाली खांदा द्यायला गेलेले. उरलेले रंग खेळत होते. मोबाईलवरच्या अॅपवाल्यांपैकी एकाने होकार दिला, ठिकाण बघितलं आणि न बोलता नकार दिला. माझा चुलतभाऊ आपली गाडी घेऊन आदल्याच दिवशी गेला होता. त्याने येता का विचारलं होतं. मी म्हटलं होतं, कशाला, आपली आहे ना.

"बाबा, तुम्ही जरा वर जाऊन पडा. मी बघतो काय झालंय," मी म्हटलं.

"वर नाय जाऊचंय," बाबा म्हणाले. "देवीक भेटाक घरातना भायर पडलो. आता उंबरो उलटो ओलांडूचो नाय."

म्हणजे ते आता तिथेच बसणार होते. एकदा निघाले की माघारी फिरायचं नाही, हा त्यांचा नियम. चाळीत असताना एकदा निघाल्यावर चष्मा विसरला, तर तोही दुसऱ्याकडून खाली मागवला होता. त्यामुळे मी गाडी दुरुस्त करणार, आणि ते त्या गाडीत बसून बघणार, असा दिवस ठरला.

माझी गाडीबद्दलची पात्रता सांगायची तर एक पाना-पकडीचा डबा आणि बरेच व्हिडिओ. व्हिडिओतला माणूस बोट ठेवतो आणि बोल्ट सुटतो. मी बोट ठेवलं की बोल्ट कुठेतरी पडतो आणि त्याचा आवाज बराच वेळ खाली खाली जात राहतो.

पहिला संशय मी पेट्रोलवर घेतला, कारण ते दुसऱ्याने भरलेलं असतं. दोष दुसऱ्याचा निघाला की बरं वाटतं. मग एअर फिल्टर काढून भिंतीवर आपटला. एक पाल निघाली. तिचा आणि मिसिंगचा संबंध नव्हता. बॅटरीची टोकं घासली. एवढ्यात वॉचमन शिट्टी वाजवत आला.

"साब, पार्किंग में रिपेरिंग अलाउड नहीं है. उधर बोर्ड लगा है."

बाबांनी काच खाली केली. "रे बाबा, ह्यो रिपेरिंग करता नाय हा. ह्यो नुसतो बघता हा."

वॉचमन उत्तरेकडचा, त्याला मालवणी किती कळली कोण जाणे. पण त्याने बाबांकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं, आणि जाऊन माझ्यासाठी एक स्टूल घेऊन आला. मला जास्त लागलं ते बाबांचं वाक्य. कारण ते खरं होतं.

शेवटी एका व्हिडिओतली युक्ती आठवली. इंजिनाच्या डोक्यावर ओळीने चार कॉइल असतात, प्रत्येक सिलिंडरच्या प्लगला ठिणगी पुरवणारी एकेक. गाडी चालू ठेवायची आणि एकेका कॉइलची वायर उपसून बघायची. चांगल्या सिलिंडरची उपसली की इंजिन आणखी अडखळतं. जिची उपसून काहीच फरक पडत नाही, तिथे दुखणं. पहिली उपसली, इंजिन कण्हलं. परत लावली. दुसरी, तेच. तिसरी उपसली. काही नाही. इंजिनाला पत्ताच नाही की आपलं काही काढून घेतलंय.

"सापडलं!" मी ओरडलो.

"झाली काय?" बाबा सीटवर ताठ झाले, पिशवी सावरली.

"झाली नाही. सापडलं."

"मगे बरा," म्हणाले आणि पुन्हा टेकले.

इंजिन बंद केलं. तिसरी कॉइल वर खेचली, ती सहज येईना. हिसडा दिला, तेव्हा चिकट आवाज करत आली. तिच्या खालच्या रबरी नळीला काळपट तपकिरी काहीतरी लागलेलं. प्लग बसतो तो खड्डा खोल असतो. मोबाईलच्या उजेडात आत बघितलं, तर तळाशी तसंच काळं, चिकट, चमकणारं.

मी घाबरलो. व्हिडिओंमधून जे थोडंफार शिकलो होतो, त्यात प्लगच्या खड्ड्यात ऑइल दिसणं ही वाईट बातमी होती. इंजिन उघडायचं, म्हणजे गॅरेज, म्हणजे आठवडा. मी स्टुलावर बसलो. वर पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या गच्चीवर, कुणीतरी स्पीकर लावला होता, पोरं फुगे फोडत होती, आणि माझ्या हातात ती तेलकट नळी. मला हे बाबांना कसं सांगावं कळेना. इंजिनाला झालेलं जे काही असेल, त्यात आपलं काही चालत नाही. पण त्यांना काय सांगणार? की यंदाही व्हिडिओच बघा?

बायको चहा घेऊन खाली आली. आधी बाबांना दिला, मग माझ्याकडे वळली आणि मधेच थांबून नाक वर केलं.

"इथे पाक कुणी करपवलाय?"

"पाक कसला? ऑइल आहे. इंजिन गेलंय बहुतेक."

ती वाकली. नळी माझ्या हातातून घेतली, नाकाशी नेली, दोन बोटांत ते चिकट घेऊन ओढून बघितलं. तार निघाली. "हे ऑइल नाही," ती म्हणाली. "चांगला दोनतारी झालाय."

बाबा काचेतून म्हणाले, "चाटून बघ रे."

मी चाटलं. आयुष्यात अनेक गोष्टी मी कुणीतरी सांगितलं म्हणून केल्यात, ही त्यातली एक. करपलेली गोडसर चव. ओल्या नारळाची वडी फसली की कढईच्या बुडाला जी उरते ना, ती.

नारळाचं पाणी. माझा अभिषेक. ते सगळं तिसऱ्या खड्ड्यात जाऊन बसलं होतं. सकाळी आधी घरघर करत गाडी चढावर नेली, मग युक्त्या करत चालू ठेवली. तेवढ्या वेळात इंजिनाने ते आटवून त्याचा पाक केला होता. ठिणगी प्लगपर्यंत पोचायच्या आधीच त्या ओलसर चिकटातून बाजूच्या धातूत पळत होती.

मी बायकोकडे बघितलं. आदल्या संध्याकाळचे तिचे दोन शब्द आमच्या दोघांच्या मधे उभे होते. ती ते उच्चारणार, मला खात्री होती. तिने चहाचा कप माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "पाक सुटायला गरम पाणी लागतं. मी आणते."

गरम पाणी आलं, देव्हाऱ्यातला वातींचा कापूस आला, अगरबत्तीची काडी आली. काडीला कापूस गुंडाळायचा, गरम पाण्यात बुडवून पिळायचा, खड्ड्यात फिरवायचा, बाहेर काढायचा. प्लग जागेवरच ठेवला, नाहीतर सगळं सिलिंडरात गेलं असतं. एवढी अक्कल मला होती, हे मी अजूनही लोकांना सांगतो. बायको वाती वळायला बसली होती गाडीच्या बंपरवर. बाबा आतून विचारत होते, किती बोळे झाले. शेवटी बोळा स्वच्छ निघाला. मग तिचा केस वाळवायचा ड्रायर. वॉचमनने त्याच्या केबिनमधून वायर ओढून दिली, आणि बोर्डाकडे पाठ करून उभा राहिला.

सगळं कोरडं केलं. कॉइल पुसून बसवली. बाबांनी टोपी नीट केली. चावी फिरवली.

हुडहुड. पिवळा दिवा. बाबांची टोपी हलायला लागली.

आता मला खरंच रडायला आलं. मी तिसरी कॉइल काढून पहिल्या जागी लावली आणि पहिली तिसऱ्या जागी. पुन्हा वायरी उपसून बघितल्या. आता दुखणं पहिल्या सिलिंडरात आलं होतं. म्हणजे खड्डा बरा झाला होता, कॉइल मेली होती. उजेडात धरली तर रबरावर केसाएवढी काळी रेघ. ठिणगीने रबर जाळून आपली पायवाट करून ठेवली होती. पुसून जात नव्हती. ब्लेडने खरवडलं, रबरच निघायला लागलं.

नवी कॉइल पाहिजे. ऑपेरा हाउसच्या पार्टवाल्यांच्या गल्लीत ती पाच मिनिटांत मिळते, धुळवड सोडून. तरी दोघांना फोन केला. एकाने उचलला, "कल, भाई, कल," म्हणाला. त्याच्या आवाजातून भांग ओघळत होती.

ऊन वर चढलं होतं. दुपार टळायच्या आत निघालो तरच रात्री पोचणार होतो. बायको बाबांना दहीभात भरवून गेली. दोनदा मी त्यांना वॉचमनच्या बाथरूमपर्यंत धरून नेऊन आणलं. वॉचमनच्या बाथरूमला उंबरा नव्हता, त्यामुळे नियम मोडत नव्हता. परत सीटवर बसताना ते म्हणाले, "झिला, गाडी नाय झाली तर नाय झाली. पण माका वर चल म्हणू नको. मी हयच बसान."

"किती वेळ बसणार, बाबा?"

"पालखी जायपर्यंत," ते म्हणाले.

म्हणजे उद्यापर्यंत. परळच्या पार्किंगमध्ये, खांबाकडे तोंड करून, पिशवी मांडीवर. मी बॉनेटमागे गेलो आणि उगाच काहीतरी पुसत राहिलो.

आमच्याच मजल्यावर समोर माझा जुना दोस्त राहतो. जुन्या चाळीतही समोरच होता, बिल्डिंग झाली तेव्हा सोडतीत पुन्हा समोर आला. त्याच्या दारावर पंचशील झेंडा, आमच्या दारावर तोरण. बँकेत आहे. त्याची आणि माझी गाडी एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची, फक्त त्याची राखलेली. चाळीत आम्ही एकमेकांकडे काय काय मागितलंय. मीठ, मिरच्या, इस्त्री, शिडी, एकदा तर लग्नाला घालायला बूट. बिल्डिंगमध्ये आल्यापासून दारं बंद, मागणं बंद. आता एकदम बेल वाजवून काय म्हणायचं?

तो खालीच भेटला. हिरवागार झाला होता, फक्त दात पांढरे.

"काय रे, सकाळपासून बॉनेटात तोंड घालून बसलायस? रंग चुकवतोस काय?"

"एक मागू का?"

"माग ना."

"तुझ्या गाडीतली एक कॉइल दे."

तो बघतच राहिला. "वाटीभर साखर माग, दोन कांदे माग. इंजिनातला भाग काय मागतोस? झालंय काय?"

मी सांगितलं. नारळासकट. खोटं सांगायची ताकद उरली नव्हती.

तो इतका हसला की त्याच्या तोंडावरचा रंग तडकला. "इंजिनाला नारळपाणी! आमच्याकडे नारळ चटणीला वापरतात रे. मग? देवीने काय सांगितलं?"

"हस. पण बाबा सकाळपासून गाडीत बसलेत. वर यायला तयार नाहीत."

त्याचं हसणं थांबलं. तो वाकून पलीकडे बघायला लागला. बाबांनी काचेतून त्याला हात केला. लहानपणी बाबांनी आम्हा दोघांना एकाच वेळी कान धरून जिन्यातून खाली आणलं होतं, ते त्यालाही आठवलं असावं.

"अख्खी गाडीच दिली असती," तो म्हणाला, "पण आमच्या हिची आजपासून हॉस्पिटलात रात्रपाळी आहे, सोडायला-आणायला मीच. एक कर, कॉइल घे. चढावर वॉचमनला धक्का मारायला लावेन, पुढे जवळच्या जवळ तीन सिलिंडरवर रखडत नेईन. उद्या दुकान उघडलं की दुसरी टाकेन."

मी पाना घेऊन त्याच्या गाडीकडे निघालो. त्याने माझा हात धरला.

"तू नाय. माझ्या बॉनेटला तू हात लावू नकोस. मी काढतो. तू लांब उभा राहा, आणि नारळ खिशात असेल तर आधी बाहेर ठेव."

त्याने कॉइल काढली, आपल्या रंगलेल्या सदऱ्याला पुसली. तिच्यावर हिरव्या बोटांचे ठसे उमटले, ते अजून आहेत. माझ्या गाडीत बसवलीही त्यानेच. मी चावी भोकात घातली आणि तशीच धरून बसलो. बाबांनी माझ्या मनगटाला धरलं आणि दोघांनी मिळून फिरवली.

इंजिन लागलं. आवाजच येईना, इतकं गुळगुळीत. बाबांची टोपी जागच्या जागी. दिवा विझला. मला वाटलं बंद पडली, म्हणून मी पुन्हा स्टार्टर मारला आणि तिने कर्कश्श आवाज केला.

"अरे चालू आहे!" बाहेरून तिघं एकदम ओरडले. माझी बायको, तो आणि वॉचमन.

वाटेचं सांगत बसत नाही. प्रत्येक घाटात मी कान देऊन बसलो होतो. खड्ड्यात गाडी हादरली तरी मला मिसिंग वाटायचं. बायको मागून म्हणायची, "रस्ता आहे तो, रस्ता." बाबा कधी झोपायचे, कधी दचकून विचारायचे, "दार उघडला काय?" पोचलो तेव्हा त्यांचे पाय सुजले होते. कुलूप उघडेना, इतकं गंजलं होतं. तेल घालून उघडलं. बायकोने ओटा झाडला, दिवा लावला. बाबा त्या रात्री पलंगावर नाही, दारासमोरच्या खुर्चीत झोपले.

सकाळी पालखी आली. ढोल वाटेवर वाजायला लागले तेव्हा बाबा काठी टाकून चौकटीला धरून उभे राहिले. मला जवळ येऊ दिलं नाही. पालखी वाटेवर थांबली, पुढचा गडी आमच्या दाराकडे बघत राहिला, आणि मग ती वळून अंगणात आली. बायकोने ओटी भरली. बाबांनी चौकट सोडून हात जोडले, आणि मला ढोलाकडे बघावं लागलं.

गावकार गाऱ्हाणं घालायला उभा राहिला. बाबांनी त्याला जवळ बोलावून कानात बराच वेळ काही सांगितलं. तो मान डोलावत होता, मधे एकदा "काय? काय म्हणालास?" असं विचारलं. मग मोठ्याने सुरू झाला.

"बा देवी म्हाराजा! तुझा ह्या लेकरू लांबसून तुझ्या पायाकडे इला हा. त्येच्या सुनेक सुखी ठेव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं अंगण म्हणालं.

"त्येच्या शेजाऱ्यान आपल्या गाडीतली... काय ती?"

"कॉइल," बाबा म्हणाले.

"आपल्या गाडीतली कॉयल काढून दिली, त्येची आणि त्येच्या पोराबाळांची भरभराट कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्येंच्या वाचमनाक बरी ड्युटी दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी माझं नाव येईल म्हणून वाट बघत होतो. मान थोडी खाली, चेहऱ्यावर योग्य तेवढी नम्रता. पण गुलाल उधळला, ढोल वाजले, आणि पालखी पुढच्या घराकडे निघाली. बाबा चौकटीला धरून ती दिसेनाशी होईपर्यंत उभे होते. मग म्हणाले, "आता माका निजव." आणि जे झोपले ते संध्याकाळपर्यंत.

संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसलो होतो. मी बायकोला म्हटलं, "बघितलंस? तुझ्यासाठी मागितलं. त्याच्यासाठी मागितलं. वॉचमनसाठीसुद्धा मागितलं. काल सकाळपासून बॉनेटात कोण होता? गाडी कुणी चालवली? माझ्यासाठी एक शब्द नाही."

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ज्यांचे उपकार डोक्यावर राहिले, त्यांच्यासाठी मागितलं त्यांनी. तुम्ही तर त्यांना दारात आणून उभं केलंत, मग तुमच्यासाठी आणखी कशाला मागतील? आणि उगाच तोंड पाडून बसू नका. आत जाऊन बघा, पायावरचं पांघरूण सरकलं असेल त्यांचं."